ऑफिसचं कागदी काम आणि एआय: काय द्यायचं, कसं द्यायचं, कुठे हात आखडता घ्यायचा

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला सर्वांसाठी खुलं झालं. त्यानंतर ‘एआयने काम दहापट वेगाने करा’ अशा व्हिडिओंचा पूर आला. त्यातले बहुतेक व्हिडिओ आयटीवाल्यांसाठी किंवा जाहिरात करणाऱ्यांसाठी असतात. एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्याचं ऑफिस, पतसंस्थेची शाखा, शाळेचं कार्यालय, सीएच्या हाताखालचं टेबल इथे दिवस वेगळ्याच गोष्टींत जातो. वसुलीची पत्रं, बैठकीचं इतिवृत्त, धूसर स्कॅन, एक्सेलची शीट आणि वरून आलेलं चाळीस पानांचं परिपत्रक. हा लेख तेवढ्यापुरताच आहे.

आधी काम निवडा, मग ॲप

एका आठवड्यात तुम्ही काय काय लिहिता, टाइप करता, शोधता, याची यादी काढा. मग प्रत्येक कामापुढे दोन वेळा लिहा. स्वतः करायला किती लागतो, आणि दुसऱ्याने केलेलं तपासायला किती लागतो. तपासणं जिथे बरंच स्वस्त पडतं, ते काम एआयचं. बाकीचं तुमचं, किंवा दुसऱ्या एखाद्या साधनाचं.

पत्राचा खर्डा करायला अर्धा तास जातो, वाचून दुरुस्त करायला पाच मिनिटं. द्या. पन्नास बिलांची बेरीज चॅटमध्ये करून घेतली, तर ती बरोबर आहे का हे पाहायला पुन्हा बेरीजच करावी लागेल. ती एक्सेलला करू द्या. ‘या विषयावर आतापर्यंत कोणते शासन निर्णय निघाले’ हे विचारलंत, तर उत्तर पडताळायला शेवटी महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर जावंच लागतं. मग थेट तिथेच जा.

साधनं मोजकी ठेवा. चॅटसाठी चॅटजीपीटी, जेमिनी, कोपायलट, क्लॉड यांपैकी कोणतंही एक. मराठी पत्रव्यवहाराच्या पातळीवर यांतला फरक तुमच्या सूचनेतल्या, म्हणजे काय करायचं ते तुम्ही यंत्राला लिहून देता त्यातल्या, फरकापेक्षा लहान असतो. बोलून टाइप करायला फोनमधला जीबोर्ड हा गूगलचा कीबोर्ड. कागदावरचा मजकूर उचलायला गूगल लेन्स. लांबलचक पीडीएफ वाचायला नोटबुकएलएम. या सगळ्यांची मोफत आवृत्ती सुरुवातीला पुरते. सहा महिने वापरून, मोफत मर्यादा खरोखर आडवी येते असं दिसलं तरच पैसे भरा.

पत्र: एक उदाहरण शेवटपर्यंत

बहुतेक जण लिहितात, ‘पेमेंट रिमाइंडरचं पत्र लिहून दे.’ मग ‘आपल्या प्रतिष्ठित संस्थेसोबतच्या आमच्या दीर्घकालीन संबंधांना आम्ही अत्यंत महत्त्व देतो’ अशी तीन परिच्छेदांची आरास येते. असं पत्र वाचून कोणी चेक काढत नाही. दोष अर्धा यंत्राचा, अर्धा आपला, कारण आपण त्याला काहीच सांगितलेलं नसतं. ऑफिसात नवीन आलेल्या मुलाला जेवढं समजावून सांगाल, तेवढं इथे लिहा. उदाहरणार्थ:

‘आम्ही भोसरीत मशीनचे सुटे भाग बनवतो. एका जुन्या ग्राहकाकडे बिल क्र. ११२ चे १,८४,५०० रुपये येणे आहे. माल १२ जूनला पोचला, चलनावर त्यांच्या स्टोअरची सही आहे. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) ३० दिवसांची मुदत आहे. फोनवर दोनदा बोलणं झालं, दोन्ही वेळा “पुढच्या आठवड्यात” म्हणाले. त्यांच्या खरेदी विभागाच्या साहेबांना मराठीत पत्र हवं. संबंध बिघडवायचे नाहीत, पण हे तिसरं स्मरण आहे हे जाणवलं पाहिजे. दहा ओळींच्या आत. स्तुती नको, कायद्याचा उल्लेख नको. मी न दिलेली तारीख, रक्कम किंवा नाव घालू नकोस. माहिती कमी पडली तर जागा मोकळी सोड आणि शेवटी मला विचार.’

यातली शेवटची दोन वाक्यं प्रत्येक सूचनेत कायमची ठेवा. रिकामी जागा भरून टाकण्याची या साधनांना खोड आहे. मोकळी जागा डोळ्यांना खुपते, पण बेमालूम बसवलेली चुकीची तारीख खुपत नाही.

यासोबत तुमच्या ऑफिसातून पूर्वी गेलेलं एखादं चांगलं पत्र नावं काढून चिकटवा आणि सांगा, ‘भाषा आणि मांडणी अशी ठेव.’ भाषेबद्दल दहा ओळी सूचना लिहिण्यापेक्षा हा नमुना जास्त काम करतो. जावक क्रमांक कुठे येतो, तुमच्याकडे ‘महोदय’ लिहितात की ‘मा. साहेब’, ‘कळविण्यात येते’ चालतं की साधं ‘कळवतो’, हे सगळं त्यातून आपोआप उतरतं. मग हाती काहीसं असं लागतं:

‘विषय: बिल क्र. ११२ ची येणे रक्कम रु. १,८४,५००/-

महोदय, वरील बिलाचा माल दि. १२ जून रोजी आपल्याकडे पोहोचला असून चलनावर आपल्या स्टोअरची सही आहे. पीओनुसार ३० दिवसांची मुदत १२ जुलै रोजी संपली. याबाबत आपल्याशी दोन वेळा फोनवर बोलणे झाले आहे. रक्कम कोणत्या तारखेस जमा होईल, हे या आठवड्यात लेखी कळवावे.’

आता तुमचं काम. ग्राहकाची पुढची ऑर्डर तुमच्याकडे पडून असेल, तर खाली एक वाक्य जोडा: ‘म्हणजे आपल्या पुढील ऑर्डरचा कच्चा माल आम्हाला वेळेत घेता येईल.’ पत्रातलं सर्वांत वजनदार वाक्य हेच, आणि ते यंत्राला सुचणार नाही. त्या ऑर्डरचं त्याला काही माहीतच नाही.

कायद्याचा उल्लेख नको असं का म्हटलं? यानंतरच्या पत्रात तो आणायचा असेल तर जरूर आणा, पण यंत्राच्या भरवशावर नको. एमएसएमई, म्हणजे छोट्या उद्योगातल्या, पुरवठादाराचे पैसे ‘४५ दिवसांत’ द्यावे लागतात, असं उत्तर हमखास येतं. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याचं कलम १५ जरा वेगळं सांगतं. मुदत लेखी ठरलेली असेल तर ती पाळायची, मात्र ती ४५ दिवसांपेक्षा जास्त असता कामा नये. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. कलम १६ प्रमाणे उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. अर्धवट बरोबर उत्तर पूर्ण चुकीच्या उत्तरापेक्षा घातक. ते ओळखीचं वाटतं, म्हणून कोणी तपासत नाही.

मराठीत बोला, इंग्रजीत मेल पाठवा

कामात पक्का, पण इंग्रजी मेल लिहायचा म्हटला की अडखळतो, असा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. एआयचा सर्वांत सरळ फायदा त्यालाच आहे. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषांत मराठी जोडा, माइक दाबा आणि जे सांगायचं ते समोरच्याला सांगावं तसं बोला. विरामचिन्हं येत नाहीत, मध्येच एखादा शब्द भलताच उमटतो, त्याची फिकीर करू नका. तो ओबडधोबड मजकूर चॅटमध्ये टाकून म्हणा, ‘याचा साध्या इंग्रजीत मेल कर, वाक्यं छोटी ठेव, माझ्या मुद्द्यांचा क्रम बदलू नकोस.’ आलेल्या मेलचं पुन्हा मराठी करून घ्या आणि आपण हेच म्हणालो होतो का ते पाहा. ‘बघतो’ म्हणालात त्याचं इंग्रजीत पक्कं आश्वासन झालेलं बहुतेक वेळा इथेच सापडतं.

संगणकावर बसून बोलायचं असेल, तर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून टूल्समधलं व्हॉइस टायपिंग घ्या. तिथेही मराठी आहे.

इतिवृत्त

बैठक संपल्यावर खुर्चीतून उठण्याआधी पाच मिनिटं बोलून घ्या. कोण हजर होतं, विषय कोणते, कोण काय म्हणालं, काय ठरलं, काय अर्धवट राहिलं. क्रम चुकला तरी चालेल. पूर्ण बैठक रेकॉर्ड करून ती फाइल देण्याची सोय जेमिनीसारख्या साधनांत आहे, पण त्याआधी सगळ्यांना विचारून परवानगी घ्या. शिवाय मराठी, हिंदी, इंग्रजी मिसळून चार माणसं एकदम बोलत असली की कोण काय म्हणालं याची सरमिसळ होते. पाच मिनिटांचं स्वतःचं बोलणं त्यापेक्षा कितीतरी उपयोगी.

सूचनेत विषयवार चार गोष्टी मागा: चर्चा, निर्णय, जबाबदारी कोणाची, मुदत कधीची. आणि हे ठळकपणे लिहा: ‘जिथे निर्णय झालेला नाही तिथे “निर्णय प्रलंबित” असं लिही. सूचक आणि अनुमोदक मी सांगितले असतील तरच लिही. “सर्वानुमते” हा शब्द मी म्हटला असेल तरच वापर.’

ही काळजी मुद्दाम सांगतो आहे. मराठी इतिवृत्तांचा साचा या यंत्रांना चांगला पाठ आहे आणि त्या साच्यात ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ होतोच. पतसंस्थेच्या किंवा गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत दोघांनी विरोध नोंदवला असेल आणि इतिवृत्तात एकमत छापून आलं, तर पुढच्या सभेत तुम्हालाच उभं करतील. सहीला पाठवण्याआधी फक्त एवढ्यासाठी एकदा वाचा: जे ठरलं नाही ते ठरल्यासारखं लिहिलंय का.

जुने कागद आणि जुने फॉन्ट

कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली फाइल प्रत्येक जुन्या ऑफिसात ढिगाने असते. स्क्रीनवर ती मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. अशी पीडीएफ चॅटमध्ये टाकली की यंत्राला ती चिन्हं मिळतात आणि ते काहीतरी भलतंच ‘वाचून’ दाखवतं. उपाय सोपा आहे. मजकूर कॉपी करू नका, पानाचं चित्र द्या. स्क्रीनशॉट काढा किंवा प्रिंटचा सरळ, सावली न पडता फोटो घ्या, आणि ‘यातला मजकूर जसाच्या तसा युनिकोडमध्ये टाइप कर, काही सुधारू नकोस, न वाचता आलेल्या ठिकाणी प्रश्नचिन्ह टाक’ असं सांगा. युनिकोड म्हणजे कोणत्याही संगणकावर किंवा फोनवर मराठीच दिसणारा मजकूर. गूगल ड्राइव्हवर चित्र चढवून ते गूगल डॉक्समध्ये उघडलं तरी मजकूर मिळतो.

छापील मराठी बऱ्यापैकी नीट येतं. हस्ताक्षराचं सांगता येत नाही. तपासताना सगळं सारखं वाचत बसू नका. चूक ठरावीक ठिकाणी होते: १ आणि ९, घ आणि ध, भ आणि म, गळलेला रफार, गळलेला अनुस्वार. गट नंबर, खाते क्रमांक आणि आडनावं मूळ कागदाशी बोट ठेवून जुळवा. सातबाऱ्यावरचा एक आकडा हलला तर जमीनच दुसऱ्याची होते.

‘काही सुधारू नकोस’ हे सांगायला विसरू नका. न सांगता दिलं, तर १९८० च्या पत्रातली भाषा नीटनेटकी होऊन येते, आणि मग तो त्या पत्राचा मजकूर राहत नाही.

एक्सेल: उत्तर नको, सूत्र मागा

चॅटला आकडेमोड करायला लावण्यापेक्षा आकडेमोड कशी करायची ते विचारा. सूत्र एकदा बरोबर बसलं की हजार ओळींना चालतं, आणि ते तपासायला तीन ओळी पुरतात.

येणे बाकीची यादी घ्या. सांगा: ‘ए स्तंभात पार्टीचं नाव, बी मध्ये बिलाची तारीख, सी मध्ये रक्कम. पहिली ओळ शीर्षकाची. डी मध्ये आजपर्यंत झालेले दिवस हवेत. ई मध्ये ० ते ३०, ३१ ते ६०, ६१ ते ९० आणि ९० च्या पुढे असे गट हवेत. माझ्याकडे एक्सेल २०१६ आहे.’ आवृत्ती सांगणं गरजेचं, नाहीतर एक्स-लूकअपसारखं तुमच्याकडे नसलेलं फंक्शन देऊन मोकळं होईल. सूत्र टाकल्यावर ज्यांचं उत्तर तुम्हाला तोंडपाठ आहे अशी तीन बिलं पाहा, आणि त्यात एक बरोबर ३० दिवसांचं घ्या. सूत्रं नेहमी सीमेवर चुकतात.

सूत्र बरोबर असूनही बेरीज शून्य आली तर बहुधा रक्कम देवनागरी अंकांत टाइप झालेली असते, आणि एक्सेल तिला आकडा न मानता मजकूर मानतं. दुसरी नेहमीची अडचण तारखेची. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे ५ जून, अमेरिकन सेटिंगमध्ये ६ मे. दोन्ही तारखा खऱ्या असल्यामुळे एक्सेल कुरकुर करत नाही, पण तुमची थकबाकी महिनाभराने जुनी होऊन बसते. एआयने केलेल्या तक्त्यात मिलियन किंवा १,२३४,५६७ असा स्वल्पविराम दिसला तर ‘लाख-कोटी पद्धतीने’ असं सांगा, लगेच बदलून मिळतं.

चॅटचा खरा उपयोग होतो तो नावांच्या गोंधळात. एकच पार्टी ‘साई इंजिनिअरिंग’, ‘साई इंजिनीअरींग’, ‘साई इंजि. वर्क्स’ अशी तीन ठिकाणी बसलेली असते. फक्त नावांचा स्तंभ द्या आणि ‘एकाच पार्टीची वाटणारी नावं गटाने दाखव, एकत्र करू नकोस’ असं सांगा. कोणती खरोखर एक आणि कोणते दोन सख्खे भाऊ वेगळा धंदा करताहेत, हे तुम्हालाच ठाऊक.

चाळीस पानांचं परिपत्रक

‘याचा सारांश दे’ म्हटलं की सारांश येतो, फक्त तुम्हाला हवी ती ओळ त्यात नसते. त्यापेक्षा पीडीएफ नोटबुकएलएममध्ये चढवा आणि कामाचे प्रश्न विचारा. हे कोणाला लागू आहे? कोणत्या तारखेपासून? आमच्यासारख्या संस्थेने काय सादर करायचं, कोणाकडे, कधीपर्यंत? सूट कोणाला? नोटबुकएलएम तुम्ही दिलेल्या कागदांतून उत्तर देतं आणि उत्तरापुढे छोटा आकडा टाकतं. त्यावर टिचकी मारली की मूळ उतारा दिसतो. तो उतारा वाचल्याशिवाय उत्तर पुढे पाठवू नका. साहेबांनी ‘कुठे लिहिलंय?’ विचारलं की पान क्रमांक तयार हवा.

यंत्राला न कळणारी एक गोष्ट आहे. तुम्ही दिलेला शासन निर्णय नंतर शुद्धिपत्रकाने किंवा नव्या निर्णयाने बदलला असेल, तर त्या पीडीएफमध्ये ते असणार नाही. आणि चॅटने स्वतःहून एखाद्या शासन निर्णयाचा हवाला दिला, तर त्यावरचा संगणक संकेतांक मागून शासनाच्या संकेतस्थळावर शोधा. सापडला नाही तर तो निर्णय नाहीच असं समजून पुढे जा.

हे फाजील सावधपणाचं वाटत असेल, तर दोन घटना. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला, कारण त्यांनी दिलेले जुन्या निवाड्यांचे दाखले चॅटजीपीटीने रचलेले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक करनिर्धारण आदेश रद्द केला, त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयने दिलेल्या निष्कर्षांवर डोळे झाकून विसंबू नका, असंही न्यायालयाने अधिकाऱ्यांना सुनावलं.

काय द्यायचं नाही

आधार, पॅन, बँक खातं, पगारपत्रक, आजारपणाचे कागद, ग्राहकांचे फोन नंबर, टेंडरचे दर. यातलं काहीही मोफत चॅटमध्ये टाकू नका. सूत्र हवं असेल तर खोट्या पाच ओळी बनवून द्या, पत्र हवं असेल तर ‘ग्राहक १’ लिहा आणि खरं नाव वर्डमध्ये आल्यावर टाका. २०२३ मध्ये सॅमसंगने कर्मचाऱ्यांनी अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झाल्यावर अशा साधनांवर बंदी घातली. आपल्या केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये ऑफिसच्या संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीकसारखी साधनं वापरू नका असं कर्मचाऱ्यांना कळवलं. तुम्ही सरकारी किंवा निमसरकारी कार्यालयात असाल तर आधी लेखी विचारा. खासगी ठिकाणीही साहेबांना अंधारात ठेवून वापरू नका. लोकांची वैयक्तिक माहिती सांभाळण्याची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संस्थेवर टाकली आहे, आणि गडबड झाली तर पहिला प्रश्न ‘कोणाच्या संगणकावरून गेलं?’ असाच येतो.

चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये डेटा कंट्रोल्स आहे. तिथे तुमचा मजकूर प्रशिक्षणासाठी वापरण्याची परवानगी बंद करता येते. ती करा, पण तेवढ्याने वरची यादी मोकळी होत नाही.

खर्ड्यांची फाइल

एखादी सूचना चांगली चालली की ती चॅटमध्ये सोडू नका. एका वर्ड फाइलमध्ये ‘वसुली’, ‘इतिवृत्त’, ‘सुट्टीची नोटीस’, ‘कोटेशनचं उत्तर’ अशा मथळ्यांखाली साठवा आणि बदलणाऱ्या जागी चौकोनी कंस ठेवा: [बिल क्र.], [रक्कम], [मुदत]. शेजारी त्या कामात यंत्र हमखास काय चुकतं तेही एका ओळीत लिहा. तुम्ही रजेवर असताना दुसऱ्याला हीच फाइल उघडून काम करता येतं.

शेवटी एक किरकोळ वाटणारी पण रोज भेटणारी अडचण. चॅटमधलं उत्तर व्हॉट्सॲपवर चिकटवलं की शब्दांच्या मागेपुढे दोन-दोन चांदण्या (**) दिसतात, आणि वर्डमध्ये मराठीचा फॉन्ट मध्येच बदलतो. सूचनेतच ‘साधा मजकूर दे, ठळक अक्षरं आणि चिन्हं नकोत’ असं लिहा. वर्डमध्ये फक्त मजकूर पेस्ट करण्याचा पर्याय निवडा आणि मग सगळं सिलेक्ट करून निर्मला यूआय किंवा कोकिळा, जो तुमच्याकडे चालतो तो फॉन्ट एकदाच लावा.